तेरा वर्षांची ८०० मीटरवाली, गुडघ्याखालचं टेंगूळ आणि भरतीच्या पोरांसोबतचे ८ किलोमीटर

शिट्टी_औसा:
जिल्हा परिषद शाळा, औसा तालुका. २२ लेकरं, वय ११ ते १५. मुरमाचा २०० मीटरचा फेरा, उडीचा खड्डा आणि भरतीवाल्यांनी ठेवलेले दोन ७.२६ किलोचे गोळे, एवढंच सामान.

एक मुलगी, १३ पूर्ण. ८०० मीटर २ मिनिटं ४० सेकंदांच्या आत पळते. जूनमध्ये उंची १४९ सें.मी., आता सप्टेंबरात १५२. तीन आठवड्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, हाडावर टेंगूळ दिसतंय. जिना उतरताना आणि गुडघे टेकले की जास्त. वडील तिला रोज पहाटे भरतीच्या पोरांबरोबर डांबरी रोडवर ८ किलोमीटर पाठवतात, आठवड्याला सहा दिवस. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आणखी सव्वा तास. जिल्हा स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. वडिलांचं म्हणणं, आत्ताच १५०० आणि ३००० ला उतरवा, पुढं खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात नोकरी लागते.

थांबवू का पळवू? आणि आठवडा कसा बसवू?

वाटी_आणि_घोटा (फिजिओ, परभणी):
वर्णन ऑसगुड-श्लॅटरचं, म्हणजे वाढत्या वयातल्या गुडघ्याखालच्या दुखण्याचं वाटतंय, पण एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला चिकटतो. या वयात तिथलं हाड अजून कूर्चेसारखं मऊ असतं. उंची भराभर वाढली की हाड पुढं जातं आणि स्नायू मागं राहतो, मग प्रत्येक पावलाला तो त्या मऊ जागेला ओढतो. ८ किलोमीटरमध्ये एकेका पायावर तीन-साडेतीन हजार आपट बसते. आता सहा दिवसांचा गुणाकार करा.

पूर्ण झोपवून ठेवायची गरज सहसा नसते. दुखणं ० ते १० मध्ये विचारा. पळताना ३ पर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नाही, तर चालेल. त्यावर गेलं की त्या दिवसाचं पळणं बंद. उड्या, उतारावरचं पळणं, बेडूकउड्या आणि पूर्ण खाली बसून उठणं आजपासून बंद. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, गुडघा ६० अंशांच्या आसपास, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, दिवसाआड. टेंगळावर तेल लावून रगडायचं नाही आणि टाच ओढून मांडी ताणायची नाही. घरोघरी हेच करतात आणि दुखणं लांबतं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गुडघ्याला सूज, लंगडणं, ताप, किंवा उडी मारताना एकदम 'कट्' होऊन पायावर उभं राहता न येणं, यातलं काहीही दिसलं तर स्पर्धा विसरा आणि त्याच दिवशी एक्स-रे.

टेंगूळ मोठेपणीही राहू शकतं. वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते गेलं नाही म्हणून वैदूकडं नेतील.

लेन_४ (ॲथलेटिक्स प्रशिक्षक):
तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. तीन महिन्यांत ३ सें.मी. म्हणजे वर्षाला १२ चा वेग. मोजमापात अर्धा सें.मी. इकडंतिकडं धरला तरी जोरात वाढतेय. म्हणून मोजणी नीट करा: दर तीन महिन्यांनी, सकाळीच, अनवाणी, त्याच भिंतीला, डोक्यावर लाकडी गुण्या धरून. बसून उंचीही मोजा, तोच स्टूल वापरून. आधी तळपाय, मग पाय, शेवटी धड वाढतं. उभी उंची वाढली पण बसलेली तेवढीच आहे, म्हणजे सगळी वाढ पायांत चाललीय. तेव्हा पोरं अडखळतात, वेळा बिघडतात, आणि मास्तर म्हणतात 'आळशी झाली'. मुलींत हा काळ साधारण ११-१२ ला, मुलांत १३-१४ ला, पण दोन वर्षं पुढंमागं सहज होतं.

वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास आठवड्याला सराव नको, हा ढोबळ नियम सगळे सांगतात. तुमची मुलगी १२-१३ तासांवर आहे, म्हणजे नियमात बसते! तरी गुडघा गेला, कारण सगळे तास एकाच हालचालीचे आणि निम्मे डांबरावर.

पहाटेचं पळणं बंद. संध्याकाळ पाच दिवस, ६० ते ७५ मिनिटं. सोमवारी ३० मीटर जोरात, सहा वेळा. दर १० मीटरमागं एक मिनिट विश्रांती, म्हणजे प्रत्येक धावेनंतर तीन मिनिटं. लेकरं कंटाळतात आणि मास्तर घाई करतात; मग वेगाचा सराव नुसता दमाचा होतो. मंगळवारी फेक आणि अंगाच्या वजनाचे व्यायाम. बुधवारी सुट्टी. गुरुवारी रिले आणि ३० सें.मी. उंचीचे विटा-पाइपचे अडथळे (ही मुलगी अडथळे सोडून बाकी करेल). शुक्रवारी मुरमावर १५ मिनिटं, एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. शनिवारी खेळ. रविवार घरी.

ते ७.२६ चे गोळे लेकरांच्या हाती देऊ नका. जुन्या बास्केटबॉलला चीर देऊन सव्वा लिटर कोरडी वाळू भरा, उरलेल्या जागेत चिंध्या ठासा आणि पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून घ्या. चेंडूचं स्वतःचं वजन धरून अडीच-तीन किलोचा चेंडू तयार. हौसेनं वाळूच पूर्ण भरली तर तो ११ किलोच्या घरात जातो.

वडिलांना मांडव्याचं नाव सांगा. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे स्टीपलचेसकडं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर) वळला २०१७ मध्ये, सैन्यात गेल्यावर, बाविशी ओलांडून. २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. तिला अजून शालेय १७ आणि १९ वर्षांखालचे गट बाकी आहेत.

खांब_ते_खांब (खो-खो, धाराशिव):
लेन_४, शुक्रवारचे १५ मिनिटं मला कमी वाटतात. लांब पळणं पाप नाही. बिघडवतो तो डांबर आणि भरतीच्या पोरांचा वेग. १६०० मीटरची तयारी करणाऱ्या वीस वर्षांच्या गड्यामागं ही फरफटतच जाणार. गुडघा बरा झाल्यावर शेतातल्या पांदीनं २५ मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्या चालीनं, आठवड्यातून दोनदा पळू द्या.

शनिवारच्या खेळात खो-खो घ्या, आमचा जिल्हा म्हणून सांगत नाही. (सारिका काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेवढा अभिमान राहू द्या.) थांबणं, वळणं, हुलकावणी, नजर, सगळं फुकटात मिळतं. पोरं एकाच बाजूनं वळायला शिकतात, म्हणून डाव्या अंगानं वळायची सक्ती करा. हिला सध्या पाटीवर बसवू नका, सूरही नको. नुसती उभ्यानं हुलकावणी.

आता कुणी न विचारलेलं. पहाटे उपाशी पळून दहाच्या शाळेपर्यंत ती काय खाते? सरावानंतर अर्ध्या तासात मूठभर भिजवलेले शेंगदाणे, गूळ, केळ किंवा भाकरी. भाकरीबरोबर चहा नको. चहानं अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, तासाभराचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळलं की उलटं होतं. हिमोग्लोबिन तपासा, या वयात १२ च्या खाली असेल तर दम वाढवायचा सराव वाया. पाळी सुरू झाली असेल आणि तीन महिने चुकली, तर खाणं कमी पडतंय असं धरून डॉक्टरांकडं. हे शाळेतल्या बाईंनी किंवा आईनं विचारावं, मास्तरांनी नाही. झोप ८ ते १० तास. पहाटे साडेचारला उठणारी पोर रात्री साडेदहाला झोपत असेल तर तिथंच किमान दोन तास गेले.

शिट्टी_औसा:
पहाटेचं बंद करतो. पण जिल्हा स्पर्धेचं काय? नाव पाठवलंय.

लेन_४:
पहिले दोन आठवडे पळणं कमी, भिंतीचा व्यायाम चालू. तिसऱ्या आठवड्यात दुखऱ्या पायावर दहा लंगड्या उड्या मारायला सांगा, मुरमावर, एकदाच. दुखणं २ च्या वर गेलं नाही तर २०० मीटर चार वेळा, मध्ये तीन मिनिटं, तिच्या ८०० च्या वेगानं, म्हणजे ४० सेकंदांच्या आसपास. दुसऱ्या सकाळी जिना उतरायला लावा. ठीक असेल तर चौथ्या आठवड्यात हेच दोनदा, आणि फक्त ८०० ला उतरवा, रिलेतही घालू नका. जिना उतरताना दुखलं तर नाव मागं घ्या, आणि त्या दिवशी तिला स्टॉपवॉच देऊन मैदानावर घेऊन जा.