जुनी फायबरची होडी घरीच दुरुस्त करायची आहे, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ (देवगड)

नमस्कार मंडळी. आमच्या काकांची १८ फुटी फायबरची होडी आहे, उघडी, मागे ९.९ एचपीचं आउटबोर्ड मशीन लागायचं. काका आता समुद्रात जात नाहीत त्यामुळे होडी परड्यात माडाखाली पडून आहे, पहिले काही पावसाळे झापांनी शाकारून ठेवली मग तेही राहून गेलं. मला ती परत पाण्यात घालायची आहे, धंद्यासाठी नाही, खाडीच्या तोंडाशी गरवायला जायचं आणि कधीतरी जाळं टाकायचं एवढंच. काकांच्या डोळ्यादेखत ती चालू व्हावी असं फार वाटतं.

स्थिती अशी आहे की बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) जागोजागी बारीक तडकलाय, तळाला बारके बारके फोड आहेत, आणि मशीन बसतं त्या मागच्या फळीतल्या बोल्टच्या भोकातून अजून तपकिरी पाणी झिरपतं, पाऊस जाऊन महिना झाला तरी. शिवाय पूर्वी चौघं जण ओढायचे ती आता आठ जणांनाही हलवायला जड जाते.

गावातले एक जण म्हणाले वरून फायबरचे दोन थर मार आणि रंग काढ, झालं काम. तसं चालेल का? आणि रेझिन (फायबरचे थर ज्यात भिजवून चिकटवतात ते द्रव) पॉलिस्टर घ्यायचं की इपॉक्सी, इपॉक्सी बरंच महाग पडतंय. ग्राइंडर आहे घरी, हाताने काम करायची तयारी आहे.

फायबरकाम

भाऊ, वरून दोन थर अजिबात मारू नको. तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे होडी जड झालीय ही. फायबर स्वतः एवढं पाणी पीत नाही, ते पाणी मागच्या फळीतल्या प्लायमध्ये, तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमध्ये आणि बाकांखालच्या फोममध्ये साठलेलं असतं. त्याच्यावर नवीन थर चढवलास तर पाणी आत कोंडून राहील, प्लाय आणखी कुजेल आणि नवीन थर ओल्या पृष्ठभागाला धरणारच नाही, एका सीझनमध्ये पापुद्रा सुटून येईल.

आधी होडी ठोकून बघ. छोटी हातोडी नाहीतर स्क्रूड्रायव्हरची मूठ घे आणि मागच्या फळीपासून सुरू करून सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी बद्द. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण कर. मग फळीला आतल्या बाजूने ५ मिमीची भोकं पाड आणि ड्रिलच्या पात्याला काय भुसा येतो ते बघ, कोरडा फिकट भुसा आला तर प्लाय शाबूत, काळा ओलसर लगदा आला तर फळी गेली. तपकिरी पाणी येतंय म्हणजे माझ्या मते गेलेलीच आहे पण किती खालपर्यंत गेलीय ते या भोकांनी कळेल. बाकाखालचा फोम पण एका ठिकाणी कापून हातात दाबून बघ, पाणी सुटलं तर तो सगळा काढायचा.

फळी बदलायचं काम घरी होतं, घाबरू नको, फक्त घाई नको. बाहेरची फायबरची कातडी तशीच ठेवायची, तिच्यामुळे आकार टिकतो. आतली कातडी ग्राइंडरने कापायची पण कडेने दोन-तीन इंच पट्टी सोडून, नवीन फायबर तिलाच जोडायचंय. कुजका प्लाय पटाशीने खरवडून बाहेर काढ. पुठ्ठ्याचा साचा करून त्यावरून नवीन प्लाय काप, प्लाय मरीनच घे, त्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, साधा वॉटरप्रूफ म्हणून देतात तो घेऊ नको. जुन्या फळीची जाडी मोजून तेवढीच धर, बहुतेक दोन थर एकमेकांना चिकटवून करावी लागेल. बसवताना बाहेरच्या कातडीवर घट्ट केलेलं रेझिन पुट्टीसारखं सगळीकडे लावायचं आणि प्लाय क्लॅम्पने दाबायचा, पुट्टी चारी बाजूंनी बाहेर आली पाहिजे, मध्ये हवा राहिली की पुढे तिथेच पाणी जातं. कोपरे पुट्टीने गोलाई देऊन भर कारण मॅट (काचतंतूंची चटई) काटकोनात बसत नाही, उचलून येते. त्यावर मॅटचे थर, प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा.

आणि मशीनच्या बोल्टची भोकं! पाणी तिथूनच शिरलंय. नवीन फळीत भोक बोल्टपेक्षा मोठं पाड, ते इपॉक्सीच्या पुट्टीने पूर्ण भर, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाड. म्हणजे लाकूड कुठेच उघडं राहत नाही. बोल्ट बसवताना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लाव.

लाटेवरचा

वरचं सगळं बरोबर आहे, मी रेझिनचं लिहितो.

दुकानात साधं मागितलंस तर जीपी (जनरल पर्पज) रेझिन देतात, ते पत्रे, टाक्या अशा कामाचं. पाण्याखालच्या भागाला आयसो पॉलिस्टर घे, पाणी जास्त चांगलं सोसतं. पण जुन्या होडीला जोड देताना, खास करून फळी चिकटवायला आणि फोड भरायला, पैसे जमत असतील तर इपॉक्सीच वापर, जुन्या वाळलेल्या फायबरला ते पॉलिस्टरपेक्षा खूप घट्ट धरतं. एक लक्षात ठेव, इपॉक्सी पॉलिस्टरवर चालतं पण इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही, म्हणून इपॉक्सी वापरलंस की वरून इपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) पीयू रंग. इपॉक्सीसाठी मॅट घेताना दुकानदाराला विचारून घे, बऱ्याच मॅटमधला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पॉलिस्टरमध्येच विरघळतो, इपॉक्सीत ती मॅट कडक राहते. विणलेलं कापड घेतलंस तर हा प्रश्नच नाही.

पॉलिस्टरला हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव) रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. उन्हाळ्यात कमी, पण १ टक्क्याच्या खाली जाऊ नको, नाहीतर आतून कच्चं राहतं. थोडं थोडं कालव आणि पसरट ट्रेमध्ये घे, खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढतं. उरलेला डबा सुक्या झापांजवळ किंवा पातेऱ्याजवळ ठेवायचा नाही, आग लागू शकते.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो. काही ठिकाणी अॅक्सिलरेटर (रेझिन लवकर कडक व्हायला घालतात ते जांभळं कोबाल्ट) आणि हार्डनर वेगवेगळे देतात. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन माग. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल घातल्याशिवाय झाकण उघडू नको, उडालंच तर लगेच पाण्याने पंधरा मिनिटं तरी धू आणि डॉक्टरकडे जा. ग्राइंडिंगला धुळीचा चांगला मास्क लागतो, रुमाल बांधून चालत नाही, आणि रेझिनच्या वासाला कार्बन कार्ट्रिजवाला वेगळा. अंगाला फायबरची बारीक काच लागली की गार पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. लहान मुलं आणि विहीर दोन्हीपासून लांब काम कर.

मांडवी

ह्येंनी सांगला ता सगळा खरा. पण आधी होडी उलटी घाल, ओंडक्यांर उंच ठेव आणि वारो खेळूक दे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत काम कर, पावसात फायबर करू नको.

खाडीकाठ (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ठोकून बघितलं, फळी खालच्या अर्ध्या भागात बद्द वाजते आणि भुसा काळाच आला. बाकाखालचा फोम दाबला तर अक्षरशः पाणी गळलं. अजून दोन शंका, फोड नुसते घासून भरले तर चालतील का आणि होडी सुकली हे ओळखायचं कसं? आणि पठाण (तळाचा कणा) नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) खाली इतका झिजलाय की एका ठिकाणी बोटाएवढं आरपार भोक दिसलं.

फायबरकाम

फोड फोडून बघ, आत आंबूस वासाचं चिकट पाणी असेल. पाणी जेलकोटमधून आत जाऊन रेझिनमधल्या सुट्या राहिलेल्या रसायनांशी मिळतं आणि दाब धरतं, त्याचे हे फोड. प्रत्येक फोड घट्ट फायबर लागेपर्यंत उघडायचा, गोड्या पाण्याने दोन-चार वेळा धुवायचा म्हणजे आतलं आम्ल आणि मीठ निघून जातं, मग सुकू द्यायचं. धुतल्याशिवाय भरलंस तर त्याच जागी परत येतात.

सुकलं का ते बघायला प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा तळावर चारी बाजूंनी टेपने चिकटव आणि दिवसभर उन्हात राहू दे. आतल्या बाजूने दव धरलं तर अजून ओल आहे. दोन-तीन वेगवेगळ्या जागी कर आणि कुठेच दव धरत नाही तोपर्यंत थांब, मग त्याला आठवडे लागोत.

पठाणाचं भोक वाळूवरून ओढून ओढून पडतं, आपल्याकडच्या बहुतेक होड्यांचं तेच आहे. भोकाभोवती फायबर तिरपं उतरतं घास, जाडीच्या बारापट, म्हणजे तळ ६ मिमीचा असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी साधारण सात सेमी. तेवढ्या पसरट उतारावर थर धरतात, नुसतं भोकात बूच मारलं तर पहिल्याच ओढीत निघतं. भर घालताना रोलरने हवा काढत जा, पांढरे डाग दिसले तर तिथे रेझिन पोचलेलं नाही. सगळं झालं की पूर्ण पठाणावर तीन-चार थर जास्तीचे दे. तू रोज ओढून वर काढणार असशील तर अँटिफाउलिंगवर (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगावर) पैसे घालू नको, वाळूत ते घासून जातं, तोच पैसा पठाणावर घाल.

फोम नवीन घालशील तो बंद पेशींचा (पाणी न पिणारा) घे, आणि घालच. होडी भरली तर तरंगवत ठेवणारा तोच आहे.

लाटेवरचा

एक राहिलं. होडी काकांच्या नावावर असेल तर नोंदणी आणि मासेमारी परवान्याचं काय करायचं ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आत्ताच विचार, नोंदणी रिअलक्राफ्ट पोर्टलवर होते. जुना नंबर रंगाखाली जाण्याआधी फोटो काढून ठेव. मशीन लावून मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे मे संपायच्या आत काम आटपायची धडपड करायची काही गरज नाही. शिमग्यापर्यंत होतंय तेवढं कर, उरलेलं झाकून ठेव आणि पुढच्या दिवाळीनंतर घे. फळीचे फोटो टाक, कुठपर्यंत कापायचं ते आपण इथे खुणा करून सांगू.