स्पॅनिशमध्ये 'वैतागलोय' कसं म्हणायचं?

स्पॅनिश शिकतेय. पुस्तकात 'रागावलेला'साठी 'एनोखादो' दिलाय, आमचे माद्रिदचे सर मात्र सारखं 'एन्फादादो' म्हणतात. फरक काय? आणि 'तो माझ्या डोक्यात जातो'ला जवळचं काय?

*

अर्थ एकच, मुलूख वेगळा. स्पेनमध्ये एन्फादादो, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत बहुधा एनोखादो. तुम्ही म्हणताना शेवटी 'दा' करा: एनोखादा.

डोक्यात जाणाऱ्याला 'मे साका दे किथ्यो' (लॅटिन अमेरिकेत 'किस्यो'). किथ्यो म्हणजे दाराच्या चौकटीची बिजागरीकडची बाजू, तिथून तो मला उखडून काढतो! रोजच्या वैतागाला मात्र 'एस्तोय आर्ता'. लिहिताना सुरुवातीला एच येतो, बोलताना गायब. मूळ लॅटिन शब्द ठासून भरल्याचा, म्हणजे गळ्यापर्यंत आलंय.

*

'मे दा राब्या' राहिलंच की. आपल्याला ते आयतं मिळतं, कारण 'मला चीड येते'मध्येही चीड हीच कर्ता, आपण नुसते 'मला'. मेक्सिकोत राब्याऐवजी 'कोराखे'ही ऐकाल. एरवी त्याचा अर्थ धैर्य.

जपायचं ते 'ब्रोंका'ला. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आइरेसमध्ये 'मे दा ब्रोंका' म्हणजे संताप येतो. माद्रिदमध्ये साहेबाने ब्रोंका 'घातली' म्हणजे झापलं. आणि मेक्सिकोत 'नो आय ब्रोंका' म्हणजे चक्क 'काही टेन्शन नाही'.

*

एका मालिकेत बाई बोट चेमटल्यावर 'म्येर्कोलेस!' ओरडली. म्हणजे बुधवारच ना?

*

बुधवारच. 'म्येर्दा' (विष्ठा) तोंडातून निघता निघता वळवलाय, आपण 'आयला'वर थांबतो तसा. स्पेनमध्ये 'ओस्त्या' ही जबरी शिवी आहे. खरं तर ती चर्चमधल्या मिस्सामध्ये देतात ती पवित्र भाकर. म्हणून सभ्य लोक 'ओस्त्रास' म्हणतात, म्हणजे कालवं! 'खोलीन'ही त्याच जातीचं, 'खोदेर' (संभोगाचा अश्लील शब्द) गिळून काढलेलं. सासूबाईंसमोर ही दोन्ही चालतील, मूळ शब्द चुकूनही नकोत. मेक्सिकोत मात्र 'ओस्त्रास' म्हणालात तर लोक विचारतील, स्पेनमध्ये शिकलात का?