आजोबांच्या नौदलाच्या टोपीची रिबन, जहाज कुठलं ते कसं शोधायचं?

खलाशाची_नात:
आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते. त्यांच्या ट्रंकेत टोपीभोवती बांधायची काळी रिबन सापडली. अक्षरं सोनेरी जरीची विणलेली, आता काळपट पडलीयेत, आणि जिथे गाठ मारायचे तिथे घडी एवढी पक्की बसलीये की सरळ केली तरी परत वळते. पण अक्षरं फक्त ‘एच. एम. आय. एस.’, पुढे जहाजाचं नावच नाही! फाटलेली पण नाहीये. घरात सगळे म्हणतात ते १९४६ च्या बंडात ‘तलवार’वर होते. खरं खोटं कसं करायचं? रिबनवरून काही कळेल का?

डोलकाठी:
नाव नसणं हाच मोठा पुरावा आहे. युद्धाच्या काळात नाविक बंदरात उतरला की टोपीवरून जहाज कुठलं ते कुणालाही कळायचं, म्हणून नावं काढून नुसती आद्याक्षरं ठेवली होती. ब्रिटिश नौदलात पण तसंच, तिथे नुसतं एच. एम. एस. तसंही एच. एम. आय. एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) हे १९३४ ला रॉयल इंडियन नेव्ही झाली तेव्हापासून २६ जानेवारी १९५० पर्यंतच, नंतर आय. एन. एस. आलं. म्हणजे तुमची रिबन बहुतेक युद्धाच्या वर्षांतली. पण ती काळ सांगेल, जहाज नाही सांगणार. पदकं आहेत का घरात?

खलाशाची_नात:
एक सहा टोकांचा तारा आहे, बर्मा स्टार लिहिलंय. मामा म्हणतो असे हजारोंना दिले त्यातून काय कळणार. आज पितांबरी लावून चकचकीत करणार होता.

जुनीनाणी:
ताई आधी मामांना थांबवा!! पितांबरी, ब्रासो, चिंच काहीही लावू नका. तारा पालथा करा आणि उजेडात तिरका धरून बघा. ब्रिटिश सैनिकांना हे तारे कोरे मिळाले पण भारतीयांना दिलेल्यांवर मागे नंबर, नाव कोरलेलं असतं. ती अक्षरं आधीच बारीक असतात, घासून घासून गेली की संपलं. माझ्या मते अख्ख्या ट्रंकेत सगळ्यात मोलाची गोष्ट तो नंबर आहे.

निवृत्त_नाविक:
बरोबर. आणि नौदलवाल्यांना बर्मा स्टार बंगालच्या उपसागरातल्या सेवेसाठी मिळायचा, म्हणजे आजोबा बहुतेक त्या बाजूला समुद्रावर गेलेले होते. आता ‘तलवार’चं. ते जहाज नव्हतं, मुंबईत किनाऱ्यावरची सिग्नल शाळा होती. बंड तिथे १८ फेब्रुवारी १९४६ ला सुरू झालं आणि बघता बघता मुंबई, कराचीपासून इतर बंदरांतल्या जहाजांवर पसरलं, त्यामुळे बंडात होते आणि ‘तलवार’वर होते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक खरी असून दुसरी नसू शकते. गणवेशातला फोटो असेल तर उजव्या बाहीवरचं चिन्ह बघा, सिग्नलवाल्यांना आडवे-तिडवे झेंडे किंवा पंखांमध्ये वीज असायची. स्टोकर (बॉयलरवरचा) किंवा तोफेवरचा माणूस असेल तर ‘तलवार’ची शक्यता बरीच कमी होते.

खलाशाची_नात:
अहो खरंच नाव आहे मागे! नंबर पण आहे, शेवटचे दोन आकडे भिंगाशिवाय लागत नाहीयेत. फोटो मामीच्या माहेरी आहे, मागवते. नंबर मिळाला की पुढे कुणाला विचारायचं?

निवृत्त_नाविक:
नाविकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्स सांभाळतं. नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडून पत्र टाका. एवढं जुनं असेलच असं धरून चालू नका, म्हणून त्यांच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात पण चौकशी करा, पेन्शनचं काही असलं तर तिथे नोंद असू शकते. आकडे अंदाजाने भरू नका, एक चुकला तर दुसऱ्याच माणसाची फाईल निघेल.

जुनीनाणी:
आणि रिबन इस्त्री करू नका, धुऊ पण नका. पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा, ती घडी तशीच राहू दे, आजोबांच्या हातची आहे ती.