परभणीहून समुद्रापर्यंत : दोन तुकड्यांचा सर्फबोर्ड घ्यावा का?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझा प्रश्न मराठवाड्यात बसून विचारण्यासारखा नाही, याची मला कल्पना आहे. परभणीहून कोणताही समुद्र गाठायचा तर एक रात्र प्रवासात जातेच. तरीही गेली चार वर्षे मी दिवाळीनंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा सर्फिंगसाठी जातो. सुरुवातीला कर्नाटकातील मुल्कीला शिकलो, आता सिकंदराबादला गाडी बदलून चेन्नईमार्गे महाबलीपुरमला जातो. सगळे मिळून वर्षाला दहा-बारा दिवस पाण्यात मिळतात. माझी उंची ५ फूट ८ इंच आणि वजन ७४ किलो आहे. न फुटलेली लाट स्वतः पकडून तिच्या उतारावरून तिरके जाणे आता जमू लागले आहे.

अडचण भाड्याच्या बोर्डांची आहे. किनाऱ्यावर एक तर नवशिक्यांसाठीचे मऊ पृष्ठभागाचे आठ-नऊ फुटी बोर्ड मिळतात, नाही तर तिथल्या मुलांचे सहा फुटांच्या आतले, ज्यांवर माझ्यासारख्याला धड पोटावर झोपताही येत नाही. मला हवा असलेला साधारण साडेसात फुटांचा बोर्ड मिळालाच तर तो आधीच कोणीतरी घेतलेला असतो. म्हणून स्वतःचा घ्यावा असे ठरवत आलो आहे. अखंड बोर्ड नेण्याविषयी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे विचारणा केली, तेव्हा ‘टपावर बांधून नेऊ, पण तुटला तर आम्हाला बोलायचे नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळाले.

दोन तुकड्यांचे, मध्यभागी जोडले जाणारे प्रवासी बोर्ड मिळतात, हे मी वाचले आहे. ज्यांनी ते प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया सांगावे की जोड पाण्यात भरवशाचा असतो का, प्रवास खरोखर सोपा होतो का, आणि अखंड बोर्डाच्या मानाने मोजावी लागणारी बरीच जास्त किंमत वसूल होते का. आणखी एक भाबडा प्रश्न : एखादा जुना अखंड बोर्ड विकत घेऊन तो इथेच एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मधोमध कापून जोडण्याजोगा करून घेता येईल का?

वाळूजचा फिटर

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते माझ्या व्यवसायातले आहे : कृपया कापू नका. मी सर्फिंग करत नाही, परंतु गेली सतरा वर्षे वाहनांचे सुटे भाग तयार करण्याच्या धंद्यात आहे आणि जोड म्हणजे काय हे हातांनी शिकलो आहे. दोन्ही टोकांना आधार असलेल्या आणि मध्ये भार असलेल्या फळीवर वाकण्याचा सर्वांत जास्त ताण मध्यभागीच येतो. लाट अंगावर कोसळली की बोर्ड बहुधा मध्येच मोडतात ते याचमुळे, आणि आपण करवत नेमकी तिथेच लावणार आहात. बोर्डाच्या आतला गाभा फोमचा असतो. त्यात नुसते बोल्ट बसवले तर ताण बोल्टवर न थांबता फोमवर जातो, फोम दबतो, भोक मोठे होते आणि दोन-चार लाटांत जोड खडखडू लागतो.

कारखान्यात तयार झालेल्या बोर्डात हे वेगळ्या रीतीने सोडवलेले असते. पुष्कळ रचनांमध्ये दोन्ही अर्ध्या भागांत लांब नळकांडी आधीच बसवून वरून फायबरचे थर चढवतात, त्यांत कार्बन फायबरचे दांडे सरकवतात आणि मग खटक्याने किंवा बोल्टने दोन्ही भाग एकमेकांकडे खेचून घट्ट करतात. वाकण्याचा ताण दांडे घेतात. बोल्टचे काम फक्त दोन्ही तोंडे मिटवून धरण्याचे. खरेदी करताना दांडा नळकांड्यात किती खोल जातो हे पाहावे. चार बोटे जाणारा दांडा आणि हातभर जाणारा दांडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोडल्यावर एक टोक जमिनीवर ठेवून दुसरे हलवावे. मध्ये किंचितही खेळ जाणवला तर तो पुढे वाढतच जाणार, कमी होणार नाही.

दुसरी बाब धातूची. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असतील आणि त्यांत खारे पाणी शिरले, तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. त्यामुळे बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे आहेत का, आणि ते ज्यात बसतात ते आटे कशाचे आहेत, हे विक्रेत्याला विचारावे. आटे गेले की बोर्ड गेला असे समजा, कारण ते आत पुरलेले असतात. आणि हो, जोडाला ग्रीस लावण्याचा मोह टाळा. ग्रीसला वाळू चिकटते आणि मग तीच पॉलिश पेपरचे काम करते.

मांजराकाठ

मी लातूरची. नोकरीनिमित्त सहा वर्षे चेन्नईला होते, तिथे कोवलमच्या मासेमारी गावात सर्फिंग शिकले आणि लातूरला परतण्यापूर्वी दोन तुकड्यांचा ७ फूट ८ इंचांचा बोर्ड घेतला. पाच वर्षे वापरते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाण्यातल्या अनुभवाची भीती मनातून काढून टाका. माझा बोर्ड जोडसामानासह साडेपाच किलोंचा आहे, म्हणजे त्याच मापाच्या अखंड बोर्डापेक्षा किलोभर जड. हे वाढीव वजन मधोमध असल्यामुळे वळताना फारसे आड येत नाही. तेच टोकांना असते तर जाणवले असते. जोडाच्या भागात बोर्ड थोडा ताठ राहतो, लवत नाही. सहा फुटी बोर्डावर झपाझप वळणाऱ्यांना हे खटकते असे ऐकले आहे, परंतु साडेसात फुटांवर वर्षातून बारा दिवस उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फरक कळेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. फक्त जोडाची रेघ पोटाखाली येते का हे पाहा. माझ्या पहिल्या दिवशी ती बरगडीला घासली होती. नंतर बोर्डावरून घसरू नये म्हणून लावतात ते वॅक्स तिच्यावर जरा जाड लावू लागले.

जोडायला पाच-सात मिनिटे लागतात, मात्र बोर्ड वाळूवर न जोडता खोलीतच जोडावा. वाळूचा एक कण दोन तोंडांच्या मध्ये अडकला तरी फट मिटत नाही, आणि ती मिटवण्यासाठी आपण बोल्ट आवळत राहतो. दिवसाच्या शेवटी दांडे काढून नळकांडी गोड्या पाण्याने धुवावी लागतात. लातूरकराला हे सांगताना मला स्वतःचीच लाज वाटते, पण एक तांब्या पुरतो.

आता जे कोणीच सांगत नाही ते. आपण सगळे प्रवासाचा विचार करतो, पण आपला बोर्ड वर्षातले साडेतीनशे दिवस समुद्रावरही नसतो आणि गाडीतही नसतो. तो मराठवाड्यात आपल्या घरी असतो. पहिल्या उन्हाळ्यात मी तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना त्या पत्र्याखाली किती होत असेल याचा विचारच केला नाही. जूनमध्ये पिशवी उघडली तेव्हा पुढच्या अर्ध्या भागावर तळहाताएवढा फुगा आला होता आणि वॅक्स वितळून पिशवीच्या अस्तरात मुरले होते. माझा बोर्ड थर्माकोलसारख्या ईपीएस फोमवर इपॉक्सीचे थर चढवलेला आहे. या फोममधली हवा तापून प्रसरण पावते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती वरचे आवरण सोडवते. त्यासाठी बोर्डावर हवा सोडण्याचा एक लहान स्क्रू असतो. दोन तुकड्यांच्या बोर्डात दोन्ही अर्धे भाग स्वतंत्रपणे बंद केलेले असल्यामुळे प्रत्येकाला आपापला स्क्रू लागतो. मी मागच्या भागाचा ढिला केला होता, पुढच्या भागाचा स्क्रू पट्टीखाली झाकला गेल्यामुळे मला दिसलाच नव्हता.

तेव्हापासून वॅक्स पूर्ण खरवडून, दोन्ही स्क्रू ढिले करून, दोन्ही भाग आतल्या खोलीत दिवाणाखाली ठेवते. आणि माझ्या मते दोन तुकड्यांचा आपल्या भागातला खरा फायदा हाच आहे : अखंड साडेसात फुटी बोर्ड घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात मावत नाही, म्हणून तो माळ्यावर किंवा गच्चीवर जातो आणि तिथे मरतो, अर्धा बोर्ड दिवाणाखाली जगतो.

पूर्णाकाठ

मनापासून आभार. ताई, पत्र्याच्या खोलीचा उल्लेख वाचून दचकलो, कारण मी नेमकी तीच जागा मोजून ठेवली होती. आमचा उन्हाळा लातूरपेक्षा सौम्य नक्कीच नाही.

आपल्या दोघांच्या उत्तरांनंतर कागद घेऊन बसलो. मला हवा असलेला बोर्ड ७ फूट ६ इंच लांब, साधारण साडेएकवीस इंच रुंद आणि पावणेतीन इंच जाड आहे. मधोमध सुटा केला तर प्रत्येक भाग सुमारे ११४ सेंटीमीटर लांब आणि ५५ रुंद होतो. दोन्ही एकमेकांवर ठेवले तर जाडी १४. पुष्कळ विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरपर्यंतच्या सामानाला साधे सामान मानतात. माझी बेरीज १८३ होते, तीही पिशवीचे अस्तर न धरता. म्हणजे ‘साध्या बॅगेसारखा न्या’ ही जाहिरात माझ्या मापाला लागूच पडत नाही. सहा फुटी बोर्ड कसाबसा १५५ च्या आसपास बसतो, पण पिशवीत घातला की तोही बाहेर जातो. रेल्वेत डब्यात नेण्याच्या पेटीचे कमाल माप १०० × ६० × २५ सेंटीमीटर असे दिलेले आहे. तिथेही मी लांबीत १४ सेंटीमीटरनी चुकतो. हे गणित बरोबर आहे का?

मांजराकाठ

गणित बरोबर आहे आणि विमानाच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडते. मी दोनदा विमानाने गेले आणि दोन्ही वेळा खिडकीवर मोठ्या मापाच्या सामानाचे शुल्क भरले. उपयोग इतकाच झाला की ‘एवढा लांब घेणारच नाही’ हे उत्तर ऐकावे लागले नाही.

रेल्वेत मात्र कागद आणि व्यवहार यांत अंतर आहे. शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यात ४० किलोंपर्यंतचे सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे वजनाचा प्रश्नच येत नाही. मापाबद्दल मला सोलापूरहून चेन्नईला जाताना एकदाच विचारणा झाली, तीही ‘हे काय आहे’ एवढीच. खालचा बर्थ घ्या, पिशवी आडवी सरकवा, आणि शेजारच्या कुटुंबाच्या डब्यांना व पाण्याच्या कॅनला जागा सोडा. भांडण झालेच तर ते तिकीट तपासनिसाशी नव्हे, त्यांच्याशी होईल. नियमावर बोट ठेवणारा कोणी भेटला तर ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, नोंद करावी लागेल, ही शक्यता गृहीत धरा.

बालाघाट

मी थोडा विरोधी सूर लावतो. एवढे सगळे वाचल्यावर मला प्रश्न पडला की बोर्ड परभणीला आणायचाच कशाला? मी अंबाजोगाईचा आहे, मुल्कीला जातो. अखंड बोर्ड विकत घेतला आणि जिथे शिकलो तिथेच महिन्याच्या ठरावीक भाड्याने ठेवला. इथला उन्हाळा नाही, प्रवास नाही, जोड नाही. तोटा एकच : मी नसताना तो इतरांच्या पायाखाली असतो, हे प्रत्येक वेळी नव्या खोकीवरून कळते. शिवाय किनाऱ्याशी आपण बांधले जातो. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेला जावेसे वाटले तर बोर्ड मुल्कीत आणि मी महाबलीपुरमला, अशी स्थिती होते.

जाता जाता एक गंमत. ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील टॉम मोरी आणि कार्ल पोप यांनी १९६० च्या दशकातच तीन तुकड्यांचा बोर्ड काढला होता, आणि पोप यांनी पुढे दोन तुकड्यांचा ‘बायसेक्ट’ आणला. मोरी यांनी मात्र १९७१ मध्ये वेगळाच रस्ता धरला : पोटावर झोपून लाटेवर घसरण्याचा आखूड, मऊ बूगी बोर्ड, जो तोडावाच लागत नाही. साडेतीन-चार फुटांचा असल्यामुळे तो लाल परीच्या वरच्या रॅकवर आरामात जातो. उभे राहण्याचा हट्ट नसेल तर विचार करा.

पूर्णाकाठ

उभे राहण्याचा हट्ट आहे, चार वर्षे त्यातच गेली आहेत. पण बोर्ड किनाऱ्यावर ठेवण्याचा मुद्दा मी खरेच विचारात घेतला नव्हता. माझे किनारे अजून ठरलेले नाहीत. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला जाऊन पाहायचे आहे, त्यामुळे एका ठिकाणी ठेवणे मला सोयीचे नाही.

वाळूजचा फिटर

मग किंमत वर्षावर न मोजता दिवसांवर मोजा. भाड्याच्या बोर्डाचे दिवसाचे पैसे आपल्याला माहीत आहेत. बोर्डाची किंमत, आयात शुल्क आणि पाठवणीचा खर्च मिळून त्यात असे किती दिवस बसतात ते काढा. आपल्या बारा दिवसांच्या हिशेबाने तो आकडा दहा वर्षांपलीकडे गेला, तर पैशांसाठी घेऊ नका. हवे ते माप हाताशी असावे म्हणून घेत असाल तर गोष्ट वेगळी. आणि घेतलात तर बोल्ट, वॉशर व खटके यांचा एक जादा संच त्याच वेळी मागवा. बाकी सर्व इथे बनवता येईल, पण परदेशी मापाचे आटे असलेला बोल्ट दिवाळीच्या सुटीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही.

पूर्णाकाठ

हिशेब केला. पैशांच्या बाजूने तो टिकत नाही, हे मान्य करतो. येत्या दिवाळीनंतर ताईंचा बोर्ड दोन दिवस वापरून पाहण्याची त्यांनी व्यक्तिगत निरोपातून तयारी दाखवली आहे. त्या काळात त्या कोवलमला असतील आणि मी तिथून तासाभराच्या आत आहे. जोडाची रेघ मला बरगडीवर सहन झाली तर ७ फूट ६ इंचांचा, दोन स्क्रूंचा, जादा बोल्टांसह मागवीन. दिवाणाखालची जागा आजच रिकामी केली आहे. तिथल्या गाद्या पत्र्याच्या खोलीत गेल्या, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते या धाग्याच्या विषयात बसत नाही.