मदत हवी आहे – मुलांसोबत चित्रकथी करतोय, कागद वाकडा होतोय

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी चौथी ते सातवीची २०-२२ पोरं जमतात. दिवाळीत कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो होतो, तिथे ठाकर समाजाची चित्रकथी बघितली आणि डोक्यातून जाईचना. एका गोष्टीच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेक पान पुढे धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली हे पोरांना सांगितलं तर एकदम हरखून गेली.

मग ठरलं की आपण आपल्या गावाची पोथी करायची. पोरांनी घरोघरी जाऊन आज्ज्यांकडून ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी गोळा केल्यात, सुकडी, खडी फोडायची कामं, काय काय ऐकायला मिळालं म्हणून सांगू, एक आजी तर सांगता सांगता रडल्या आणि मुलगी पेन खाली ठेवून त्यांचा हात धरून बसली.

आता अडचण अशी की ड्रॉइंग पेपर फेविकॉलने चिकटवला की वाळल्यावर वाकतो. खळ वापरावी का? कागद कुठला घ्यावा, पोस्टर कलर चालतील का? आणि कुणाची पिंगुळीच्या कलाकारांशी ओळख असेल तर प्लीज सांगा, मानधन देऊन एक दिवस त्यांनाच बोलवायचंय, त्यांची कला आहे तर त्यांच्याकडूनच शिकलेली बरी. गावजत्रेत सादर करायचंय, महिनाच हातात आहे.