एमईव्हीचा जन्म नक्की कशातून? काचेतून की मोगमधून?

टिळकवाडीकर
आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलंय की म्युझिका इलेट्रोनिका व्हिवा (एमईव्ही) म्हणजे युरोपात मोग सिंथेसायझर, म्हणजे करंटमधूनच आवाज तयार करणारं वाद्य, घेऊन आलेल्या अमेरिकन पोरांचा ग्रुप. मला हे बिलकुल पटत नाही. १९६६ ला रोममध्ये फ्रेडरिक झेव्स्की, अल्विन करन, रिचर्ड टायटलबॉम आणि बाकीचे जमले तेव्हा मोग कुठं होता, तो टायटलबॉमनं अमेरिकेतून आणला १९६७ ला. त्यांची वाद्यं बघा की, झेव्स्की काचेला कॉन्टॅक्ट माइक चिकटवून ती काच घासायचा, करन इंजिन ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसवलेला छोटा आफ्रिकन कलिंबा, अंगठ्यानं छेडायच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवायचा. असा माइक हवेतला आवाज घेत नाही, वस्तूतली थरथर सरळ उचलतो, म्हणून एरवी ऐकूच न येणारी खरखर स्पीकरमधून अंगावर येते. जन्म तिथं झालाय.

शहापूरचा साउंडवाला
भावा, माझा धंदाच साउंडचा. आहे तो आवाज मोठा करणं वेगळं आणि करंटमधून आवाज तयार करणं वेगळं. डब्याला माइक लावून इलेक्ट्रॉनिक म्युझिक होत असेल तर आमच्या भजनी मंडळाची पेटी पण इलेक्ट्रॉनिकच म्हणायची की. टायटलबॉमनं मेंदूच्या लहरी मोगला जोडल्या, ते खरं नवीन. त्याच्याशिवाय या ग्रुपला नावातला 'इलेक्ट्रॉनिक' शोभत नाही.

टिळकवाडीकर
मग ॲलन ब्रायंटचं काय? त्याच ग्रुपमधला, इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे पार्ट जोडून त्यानं स्वतःचा सिंथेसायझर बनवला. करंटमधून आवाज काढायला मोगच लागतो असं नाही.

निपाणीची मी
तुम्ही दोघं सामानावरच भांडायलाय. त्याच रोममध्ये १९६४ ला फ्रँको इव्हँजेलिस्तीनं नुओव्हा कॉन्सोनान्झाचा इम्प्रोव्हायझेशन ग्रुप, म्हणजे आधी न लिहिता जागेवरच वाजवणारा, काढला होता, सगळे कंपोझरच, एन्नियो मॉरिकोने त्यात ट्रम्पेट वाजवायचा. लंडनला १९६५ ला एएमएम नावाचा असाच ग्रुप, तिथं कीथ रोव गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा. आणि ग्रामोफोनची सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या जागी तारा-बिरा खुपसून अमेरिकन कंपोझर जॉन केजनं १९६० लाच आवाज काढले होते. मग काचेचं एवढं कौतुक कशाला?

टिळकवाडीकर
केजचं बरोबर आहे ताई, काचेची कल्पना तिकडूनच येते. पण केजनं ते कागदावर मांडून दिलं होतं, वाजवणाऱ्यानं त्यावरून आपला भाग तयार करायचा. एमईव्हीवाल्यांनी कागदच बाजूला ठेवला. हार्वर्ड, येलला शिकलेली माणसं, स्कोअर, म्हणजे कागदावरचं संगीत, लिहिण्यात तयार झालेली, आणि काय वाजणार हे न ठरवता लोकांसमोर बसायची. १९६८ च्या त्यांच्या 'झुप्पा' या कार्यक्रमात तर ऐकायला आलेल्यांनाच वाजवायला घेतलं. नुओव्हा कॉन्सोनान्झात कंपोझर आपापसात वाजवायचे, इथं दार उघडलं, मला हा फरक फार मोठा वाटतो.

खानापूरकर काका
न लिहिता वाजवणं आपल्याला नवीन आहे होय रे? कुमार गंधर्व इथलेच, बेळगावजवळच्या सुळेभावीचे, त्यांची बंदिश ऐक, दर वेळी वेगळी वाट.

टिळकवाडीकर
काका, कुमारजींपाशी राग होता, सा होता, कुठं परत यायचं ते माहीत होतं. या लोकांनी सा पण धरला नाही. कमी-जास्त म्हणत नाही मी, पण त्यांचा धोका वेगळा होता, तो आपल्या खात्यात घालू नका.

शहापूरचा साउंडवाला
माझं मत तेच. एमईव्हीच्या १९६७ च्या बर्लिनच्या वादनाचं 'स्पेसक्राफ्ट' हे रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, त्यातला मोग मनातल्या मनात काढून टाका आणि मग सांगा काय उरतंय.

टिळकवाडीकर
ऐकलंय. काच उरते, डबा उरतो, ब्रायंटचं यंत्र उरतं, कॅरोल प्लांटामुराचा गळा उरतो. तू आता काच काढून ऐक.