मदत हवी आहे: लेक ब्रुकलिनला शिकणार, राहायचं जर्सी सिटीत की क्वीन्समध्ये?

नमस्कार मंडळी,

लेकीला न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टँडन या इंजिनिअरिंग कॉलेजात एमएससाठी प्रवेश मिळालाय. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं कागदपत्र) आलं, व्हिसा झाला, आता अडलंय ते घरावर. कॉलेज डाउनटाउन ब्रुकलिनला, जे स्ट्रीट-मेट्रोटेक स्टेशनजवळ.

तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची निम्मी मुलं नदीपलीकडच्या, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीतलं जर्नल स्क्वेअर सुचवतात. शेजारीच नेवार्क ॲव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअर, किराणा-मसाले सगळं मिळतं. पण मी नकाशा उघडून बसले (आयांना दुसरं काम काय!). तिथून कॉलेजला जायचं तर आधी पाथ गाडीने (न्यू जर्सी ते न्यूयॉर्क अशी वेगळी रेल्वे) वर्ल्ड ट्रेड सेंटर, मग चालत जाऊन सबवेची ए नाहीतर सी गाडी. पाथचं तिकीट सबवेला चालत नाही, म्हणजे जाऊन-येऊन रोज चार तिकिटं. न्यूयॉर्क शहरातच असलेल्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सहून मात्र सबवेची एफ गाडी थेट जे स्ट्रीटला. तिथेही ७४व्या रस्त्यावर देशी दुकानं आहेतच. मग पोरं जर्सीलाच का धावतात? सांगलीत बसून मला न दिसणारं काहीतरी कारण असणार.

दुसरं, ते '४० पट' प्रकरण. घरमालक म्हणतात, महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न दाखवा, नाहीतर ८० पट कमावणारा जामीनदार आणा, तोही अमेरिकेतला. आमचं तिथे कुणी नाही. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या असतात म्हणे. त्यापेक्षा आधीच्या विद्यार्थ्यांच्या घरात एखादी खोली घेणं बरं का?

आणि घाई आहे ती याची: क्वीन्समधल्या एका खोलीचे फोटो आलेत. माणूस दोन महिन्यांचं डिपॉझिट आजच पाठवा म्हणतो, व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला मात्र टाळाटाळ. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, न्यू जर्सीत दीड महिन्यापर्यंत चालतं, असं वाचलंय. मी ठामपणे नकार दिला, तर लेक म्हणते, "आई, हातची खोली जाईल." जाऊ दे ना?

आय-२०वरच्या कोर्स सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी तिला तिथे पोचता येत नाही. त्यामुळे फार आधी जाऊन घर शोधणं नाहीच. पहिले आठ-दहा दिवस कुठे काढावेत, तेही सांगा.

लेक इथे फिरकत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहा.